टाळलेला बेंचमार्क

शुक्रवारी सकाळी दोहा उशिरा उठतं. आमच्या ओल्ड एअरपोर्टच्या गल्लीत एरवी उजाडायच्या आधीपासून शाळेच्या बसेसचे हॉर्न सुरू असतात. शुक्रवारी मात्र सगळ्या गाड्या धूळ पांघरून गप्प उभ्या असतात आणि मशिदीच्या पायरीवरची मांजरंसुद्धा हलत नाहीत. अशा वेळी आम्ही दोघं नवरा-बायको जिन्यावर पाय न वाजवता खाली उतरतो. बायकोच्या हातात थर्मास आणि दशम्यांचा डबा. माझ्या पिशवीत रंगकामाचा एक रुंद ब्रश, एक जुना टूथब्रश, स्टीलची टेप आणि पिवळ्या पडलेल्या झेरॉक्सची फाइल. खालचा केरळी वॉचमन सुरुवातीला विचारायचा, "पिकनिक?" आता तो नुसता हात वर करतो.

आम्ही बेंचमार्क शोधायला जातो. हे सांगितलं की ओळखीचे लोक आधी हसतात, मग माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतात. बेंचमार्क म्हणजे सर्व्हेवाल्यांनी जमिनीत कायमचा बसवलेला बिंदू. काँक्रीटचा छोटा ठोकळा, त्यात पितळेची चकती नाहीतर लोखंडी सळईचं गोल डोकं, आणि त्या डोक्याची समुद्रसपाटीपासूनची उंची कुठल्यातरी यादीत मिलिमीटरपर्यंत लिहिलेली. इमारत असो की गटार, काहीही बांधायचं म्हटलं की उंची अशा एखाद्या बिंदूवरून आणायची. हल्ली उपग्रहांवरून काम भागतं, त्यामुळे जुन्या बिंदूंकडे कुणी ढुंकून बघत नाही. ते आपले जिथल्या तिथे बसून असतात, आणि मला त्यांची दया येते. आता दगडधोंड्यांची दया येणं हे वय झाल्याचं लक्षण आहे असं बायको म्हणते. मी सर्व्हेयर. आयुष्य उन्हात काढलं आणि दोन वर्षांपूर्वी साहेबांनी मला बढतीच्या नावाखाली एसीत नेऊन बसवलं. त्याच वर्षी मुलगी कॉलेजसाठी पुण्याला गेली. शुक्रवार खायला उठायला लागला, तेव्हा हे खूळ सुरू झालं.

त्या पिवळ्या झेरॉक्स म्हणजे जुन्या बेंचमार्कांचे पत्ते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्या काढून ठेवल्या होत्या. एकेका कागदावर एकेक बिंदू, हातानं काढलेला नकाशा आणि खाली वर्णन: बागेच्या भिंतीच्या ईशान्य कोपऱ्यापासून नऊ मीटर, एकट्या खजुराच्या दक्षिणेला चौदा मीटर. त्या कागदांवरचं कतार आता कुठंच नाही. एकट्या खजुराच्या जागी औषधाचं दुकान आहे. आम्ही त्याच्या पार्किंगमध्ये उभे राहून खजूर कुठं असेल ते ठरवतो, मग तिथून चौदा मीटर चालतो, आणि चालताना मला खरंच वाटतं की अंगावर खजुराची सावली आहे. गाड्यांच्या मधून वाळू दिसते, वाळूवर बकऱ्यांच्या लेंड्या दिसतात, आणि लांबवर समुद्र दिसतो, जो तिथून दिसणं शक्यच नाही. मग कुणीतरी हॉर्न मारतो आणि बायको माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढते.

मुऐदर भागात एकदा असंच झालं. कागदावर बागेची भिंत होती, जागेवर व्हिलांची रांग होती. तासभर फिरलो. एका व्हिलाच्या ड्रायव्हरनं आम्हाला घर भाड्यानं बघणारे समजून भाव सांगितला. शेवटी बायकोलाच सापडला तो, फुटपाथवर. फरश्या बसवणाऱ्या कुणा गवंड्यानं एक फरशी बरोब्बर गोल कापली होती आणि त्या गोलात पितळेची चकती तशीच ठेवली होती. त्याला कुणी सांगितलं नसणार. ती चकती कशाची हेही त्याला माहीत नसणार. बायको खाली बसून त्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "कुणीतरी त्याला जागा ठेवली बघा," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही तिथंच, दुसऱ्याच्या फाटकासमोर बसून चहा प्यायलो.

आमचे नियम साधे. उकरायचं नाही, काही उचलायचं नाही. ब्रशनं वाळू झाडायची, टूथब्रशनं अक्षरं साफ करायची, फोटो काढायचा आणि बायकोच्या दोनशेपानी वहीत नोंद करायची. सापडला तर बरोबरची खूण. नाही सापडला तर ती लिहिते, 'गेला'. आमच्याकडे माणूस वारल्यावर वापरतात तोच शब्द तिनं निवडला, आणि मी तो बदलायला सांगितला नाही. हिवाळ्याचे चार-पाच महिने हे चालतं. उन्हाळ्यात आम्ही फाइल चाळतो आणि नुसतं बोलतो.

फाइलमधला एक कागद मात्र मी सगळ्यात तळाशी ठेवलेला असे. मेसईदच्या जुन्या रस्त्यावरचा. दर हिवाळ्यात बायको विचारायची, "अहो, हा कधी?" आणि मी म्हणायचो, "तिकडं सगळं कुंपणात गेलं. कशाला पेट्रोल जाळायचं?" दोन वर्षं मी हे खपवलं. खरं तर मला त्या बेंचमार्ककडे जायची भीती वाटत होती.

गेल्या जानेवारीत एका शुक्रवारी धुकं पडलं. इथं धुकं पडतं हे भारतातल्या लोकांना खरं वाटत नाही. समुद्रावरून येतं आणि गल्ल्या भरून टाकतं. इमारतींचे वरचे मजले नाहीसे होतात, रस्त्याचे दिवे पिवळे डाग होऊन हवेत लटकतात, आणि आपण गाडीत बसून आहोत की झोपेत हेच समजत नाही. शहाण्यांनी घरात बसावं. आम्ही निघालो होतो वक्रा गावाच्या बाजूचा एक बिंदू बघायला. काहीच दिसेना, म्हणून करक चहाच्या टपरीशी गाडी थांबवली आणि कागदी पेले घेऊन काचा वर करून बसलो. बाहेर नुसतं पांढरं. धुक्यात माणूस का बोलून जातो कोण जाणे. मी एकदम म्हणालो, "त्या मेसईदच्या बेंचमार्कवर मी एका माणसाची नोकरी घालवली."

मग सांगत गेलो. सव्वीस वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सांगलीचा डिप्लोमा, पायात नवे सेफ्टी बूट, आणि इंग्रजी बोलताना घाम. काम मेसईदच्या एका कारखान्याच्या जागेवर. उंची मोजायला दोन माणसं लागतात. एक तिपाईवर बसवलेल्या लेव्हल नावाच्या दुर्बिणीतून बघतो, दुसरा लांब उभा राहून आकड्यांची उंच पट्टी धरतो. तिला आम्ही स्टाफ म्हणतो. दुर्बिणीवर मी, आणि स्टाफवर श्रीवर्धनकडचे एक चाचा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. सगळ्या साइटवर माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकच माणूस. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला सायेब म्हणायचे. "सायेब, पाणी प्या. यल्ला, सावलीत या," असं करून करून त्यांनी मला पहिला उन्हाळा जगवला. त्यांच्या डब्यातली सुक्या मच्छीची चटणी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा घरी पत्रात लिहिलं नाही, आईला चाललं नसतं.

चाचांची एक पद्धत होती. स्टाफ ठेवायच्या आधी ते उकिडवे बसायचे, सळईच्या डोक्यावरची वाळू अंगठ्यानं पुसायचे, फुंकर मारायचे, बिस्मिल्ला म्हणायचे आणि मग स्टाफ हळूच डोक्यावर टेकवायचे. उठून उभे राहिले की तो थोडा पुढं, थोडा मागं डोलवायचे. स्टाफ अगदी उभा असतो तेव्हा आकडा सगळ्यात कमी दिसतो, तो मी टिपायचा. दुपारी जमिनीवरून ऊन पाण्यासारखं वाहायचं. दुर्बिणीत चाचांचे पाय दिसायचेच नाहीत. एक माणूस मांड्यांपासून वर, हवेत, हातात उंच पट्टी घेऊन सावकाश डोलतोय आणि पट्टीवरचे आकडे त्याच्याबरोबर पोहतायत. मला वाटायचं आपण असंच बघत राहावं, आकडा लिहूच नये. अजूनही कधी डुलकी लागली की मला ते तसेच दिसतात.

एका दुपारी मेसईदच्या रस्त्यावरच्या त्या बेंचमार्कवरून साइटवरच्या एका खुंटीवर उंची आणायची होती. दोनच रीडिंग, एक बेंचमार्कवर, एक खुंटीवर. शिरस्ता असा की मग लेव्हल उचलून जरा बाजूला मांडायची आणि दोन्ही पुन्हा वाचायची. म्हणजे चूक असली तर तिथंच सापडते. मी ते केलं नाही. ऊन होतं, जेवणाची बस निघत होती. पुढं त्या खुंटीवरून एक पाया भरला, आणि तो ठरलेल्या उंचीपेक्षा पाच सेंटीमीटर खाली आला. फोडावा लागला.

पाच सेंटीमीटर. सर्व्हेवाल्याला हा आकडा ऐकला की दोन शक्यता दिसतात. आमच्या स्टाफवरचे काळे पट्टे पाच-पाच सेंटीमीटरांचे असतात. झळांमध्ये नवशिका एका पट्ट्याच्या जागी शेजारचा वाचू शकतो. ती झाली माझी चूक. नाहीतर सळईचं डोकं काँक्रीटच्या पाच सेंटीमीटर वर असेल आणि स्टाफ धरणाऱ्यानं तो डोक्यावर न ठेवता बाजूच्या काँक्रीटवर ठेवला असेल. ती चाचांची. आमच्या मुख्य सर्व्हेयरनं मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, कुणाची चूक? मी म्हणालो, स्टाफमननं बहुतेक काँक्रीटवर ठेवला असेल.

'बहुतेक' म्हणालो. मी खोटं बोललो नाही, असं मी स्वतःला सव्वीस वर्षं सांगत आलो. चाचांना आत बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "नाय सायेब, डोक्यावरच ठेवलेला." मुख्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लेव्हल-बुकात बघितलं. कुणी जाऊन सळई बघितलीसुद्धा नाही. पाया फोडायची घाई होती आणि सगळ्यांना एक नाव हवं होतं. महिनाअखेरीला चाचांचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, ते पुढं वाढवलं नाही. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला घरी परत जायचं नव्हतं.

"एवढंच?" बायकोनं विचारलं. तिला माझा चेहरा वाचता येतो.

एवढंच नव्हतं. जायच्या दिवशी चाचा माझ्या खोलीवर आले. माझ्यावर चिडलेले वाटले नाहीत. गोंधळलेले वाटले. दारातच उभे राहून म्हणाले, "सायेब, तुम्ही दुर्बिणीतून बघत होता ना. खरंच बाजूला ठेवला का हो मी?" मी दुर्बिणीतून बघितलं होतं. त्यांना उकिडवं बसून फुंकर मारताना बघितलं होतं. आणि मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, चाचा. मनाला लावून घेऊ नका."

 काचेवर आतून वाफ धरली होती. बायकोनं पेला संपवला, चुरगळला आणि पिशवीत टाकला.

"होतं असं कधीकधी?" ती म्हणाली. "असं म्हणालात तुम्ही त्यांना?"

"हो."

"आणि ते डोकं किती वर आहे ते तुम्ही कधीच बघितलं नाहीत."

"नाही."

का नाही बघितलं, हे तिनं विचारलं नाही, तिला कळलं होतं. जोवर मी बघत नव्हतो, तोवर ते पाच सेंटीमीटर वर असू शकत होतं. फुंकर मारूनसुद्धा चाचांचा हात सरकला असू शकत होता. मी बघितलं आणि ते खाली निघालं, तर 'बहुतेक' संपलं. मग एका भल्या माणसाला मी घरी पाठवलं एवढंच उरलं.

"गाडी मेसईदकडं घ्या," ती म्हणाली. धुकं आहे, म्हणालो. "हळू चालवा," म्हणाली.

तो रस्ता मी स्वप्नात चालवल्यासारखा चालवला. समोर एका गाडीचे लाल दिवे, त्यांच्या मागं आम्ही. शहर संपलं ते कळलं नाही. मग उजवीकडे आकाशात एक केशरी डाग दिसायला लागला, नंतर दुसरा. कारखान्यांच्या चिमण्यांवरच्या ज्वाळा. चिमण्या दिसत नव्हत्या, जमीन दिसत नव्हती, नुसती जळती फुलं वर लटकलेली. बायको म्हणाली, "किती सुंदर आहे हो." आणि मलाही ते सुंदर वाटलं. मला तिथं पोचायचंच नव्हतं. असंच केशरी उजेडात संध्याकाळपर्यंत चालवत राहिलो असतो.

जुना रस्ता आता नव्या रस्त्याच्या कडेची एक अरुंद पट्टी होऊन राहिलाय. कागदावर लिहिलं होतं, पाण्याच्या टाकीसमोर, रस्त्याच्या कडेपासून अकरा मीटर. टाकी नव्हती, पण तिचा गोल काँक्रीटचा ओटा होता. त्याच्यासमोर उभे राहून आम्ही अकरा मीटर मोजले. खारट, ओली जमीन, वर पांढरा पापुद्रा. पाय टाकला की पापडासारखा मोडायचा. काही नव्हतं. आणखी चार पावलांवर एका कंपनीचं नवं जाळीचं कुंपण. मी खरं सांगतो, मला हायसं वाटलं. "गेला," मी म्हणालो. "कुंपण घालताना उखडला असणार. लिहा वहीत."

बायकोनं वही उघडलीच नाही. ती ब्रश घेऊन वाकून वाकून जमीन झाडत होती. धुक्यात तिची नुसती पाठ दिसत होती. तेवढ्यात कुंपणाच्या कडेनं एक नेपाळी गार्ड आला, डोक्याला मफलर गुंडाळलेला. आता हटकणार म्हणून मी खिशातलं आयडी काढायला लागलो.

"मॅडम, क्या खो गया?" त्यानं विचारलं.

"कुछ खोया नहीं, भैया," बायको म्हणाली. तिच्या हिंदीला साताऱ्याचा हेल आहे. "इधर एक पुराना लोहे का खीला है जमीन में. सिमेंट का छोटा डब्बा, उसमें खीला. वो ढूँढ रहे है."

"अरे, वो?" गार्ड हसला. "उस पे तो मैं रोज चाय रखता हूँ."

आम्ही ओट्याची चुकीची कड धरली होती. त्याच्या मागोमाग पंचवीस-तीस पावलं चाललो. पत्र्याची छोटी चौकी, बाहेर प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीच्या शेजारी, हाताला येईल असा, तो ठोकळा. त्यावर खरंच एक रिकामा ग्लास होता. गार्डनं तो उचलला आणि पाहुण्यांना पाट मोकळा करून द्यावा तसा बाजूला झाला.

मी उकिडवा बसलो. सळईच्या डोक्यावर ओली वाळू होती, ती अंगठ्यानं पुसली. टेप काढली, पण मला आकडा दिसेना. चष्म्यावर धुकं होतं म्हणून म्हणा. बायकोनं माझ्या हातातून टेप घेतली, टोक काँक्रीटवर टेकवलं आणि खाली वाकून बघितलं.

"एक सेंटीमीटर," ती म्हणाली. "तेही पुरतं नाही."

ठोकळ्यावर नंतर कुणी भर घातली असेल का, हेही मी बघितलं. बुडणारा माणूस काय काय बघतो. ओल्या काँक्रीटमध्ये काडीनं कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी जुळत होता. अक्षरांच्या कडा स्वच्छ होत्या. शेजारी कोरणाऱ्याच्या बोटाचा ठसा होता. ज्या दिवशी भरला त्या दिवसापासून तो तसाच होता. चाचांनी स्टाफ काँक्रीटवर ठेवला असता तरी फरक एक सेंटीमीटरचा पडला असता. पाच सेंटीमीटर मीच चुकीचे वाचले होते.

मला लाज वाटली, दुसरं काही नाही. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द नंतर आले. त्या वेळी नुसती लाज, शाळेत सगळ्यांसमोर पकडलं गेल्यावर वाटते तशी, आणि समोर होते कोण, तर माझी बायको आणि एक नेपाळी गार्ड, ज्यानं विचारलं, "सर, चाय पिएंगे?" आम्ही त्याच्याकडचा चहा प्यायलो. शुक्रन म्हणून त्याचे आभार मानले. परत येताना धुकं विरळ झालं होतं आणि चिमण्या स्पष्ट दिसत होत्या, मला त्या बघवेनात.

चाचांचा नंबर मिळायला तीन आठवडे लागले. आमच्या गल्लीतल्या बकालात, म्हणजे किराणा दुकानात, गल्ल्यावर बसणारा म्हसळ्याचा आहे. त्यानं एकाला विचारलं, त्यानं दुसऱ्याला. "श्रीवर्धनकडचे, मेसईदला होते, स्टाफ धरायचे," एवढ्यावर माणूस सापडतो, ही कोकणची कमाल. चाचा हयात आहेत, तब्येत बरी आहे, घरीच असतात. नंबर मी फोनमध्ये साठवला आणि तो नऊ दिवस नुसता बघितला. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? त्यांना आठवतही नसेल.

 पुढच्या शुक्रवारी सकाळी मी पिशवी भरून तयार झालो तेव्हा बायको गाऊनवरच बसून होती. थर्मास रिकामा होता.

"आधी तो बेंचमार्क पुरा करा," ती म्हणाली. "मग पुढचा."

दुपारी जुम्म्याची नमाज होऊन गल्ली पुन्हा जागी झाली, तेव्हा मी फोन लावला. तिकडे कोंबड्यांचा आवाज होता आणि कुणीतरी नारळ सोलत असावं. आवाज ओळखू आला नाही, बारीक झाला होता. मी कोण ते सांगितलं. "अरे सायेब! तुम्ही? हाय कुठं तुम्ही? अजून तिथंच? डोक्यावर टोपी घालता ना उन्हात?" माझी तयारी तिथंच ढेपाळली. शिव्या ऐकायची तयारी केली होती, टोपीची नव्हती.

मी म्हणालो, "चाचा, तुम्हाला तो मेसईदच्या रस्त्यावरचा बेंचमार्क आठवतो?"

"आठवत नाय व्हय," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला. "माझ्या हातनं जिथं चूक झाली त्यो. सायेब, तुम्हाला सांगतो, मला वाटायचं मी डोक्यावर ठेवला. शपथेवर सांगितलं असतं. पण तुम्ही दुर्बिणीतून बघितलेलं. तुम्ही कशाला खोटं बोलाल? मग मी काय केलं, ते कामच सोडलं. इकडं गावात मोजणीवाले येतात ना, बोलतात चाचा, तुम्ही गल्फमधी हेच करत होता, धरा जरा. मी बोलतो नाय बाबा, माझा हात चुकतो. मला वाटतं ठेवलाय, आणि ठेवलेला नसतो."

मी सव्वीस वर्षं समजत होतो की मी त्यांची नोकरी घेतली.

"चाचा," मी म्हणालो, "मी महिन्याभरापूर्वी तिथं जाऊन मोजलं. तुमचा हात चुकला नव्हता. स्टाफ डोक्यावरच होता. आकडा मी चुकीचा वाचला. आणि तुम्ही फुंकर मारून ठेवलात ते मी बघितलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

तिकडे नारळ सोलायचा आवाज चालू होता. कोंबड्या चालू होत्या. 

"थांबा," ते म्हणाले. फोन कुठंतरी ठेवला गेला, मग आवाज मोठा झाला, स्पीकरवर टाकला होता. लांबून त्यांची हाक ऐकू आली. सोलणं थांबलं. पावलं जवळ आली, बांगड्या वाजल्या.

"ही आलीय," चाचा म्हणाले. "आता परत बोला, सायेब. सगळं."

मी सगळं परत बोललो. हळूहळू, एकही शब्द न गाळता. बोलून झाल्यावर चाचींचा आवाज आला. "मग तवा का नाय बोललात?"

"घाबरलो होतो," मी म्हणालो.

 मग चाचा म्हणाले, माझ्याशी नव्हे, तिच्याशी, अगदी हळू, मी ऐकतोय हे विसरून: "बघितलंस? मी ठेवला होता."